‘सुवर्णमाला’ आणि मुद्रकाचे श्रेय

नियतकालिकांच्या अभ्यासात संपादक-लेखकांची सविस्तर चर्चा होते. मुद्रक तळटीपेतही क्वचितच येतो. पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्या ‘सुवर्णमाला’ या सचित्र नियतकालिकाबाबत ही उपेक्षा विशेष खटकते. त्याची छपाई लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्समध्ये होई आणि त्या छापखान्याची उभारणी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी केली होती. जे. जे. कलाशाळेतील चित्रशिक्षण, बडोद्याचे कलाभवन, पुरातत्त्व खात्यातील आरेखन, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी केलेले काम आणि १९०९ मध्ये जर्मनीत जाऊन आत्मसात केलेले रंगमुद्रण ही सारी शिदोरी फाळक्यांनी या व्यवसायात आणली. म. वि. धुरंधरांची चित्रे ‘सुवर्णमाले’त आली ती या मुद्रणसंस्कारातून. विषय पौराणिक, शरीररेखाटन पाश्चात्त्य वास्तववादी, रंगयंत्र युरोपीय! हिला केवळ ‘रविवर्म्याची छाया’ म्हणून निकालात काढणे उथळपणाचे होय. ॲमस्टरडॅमच्या ‘वेंडिंगेन’वरील (१९१८) जपान-जावाचा प्रभाव तेथील अभ्यासक समृद्धी म्हणून नोंदवतात, आपल्याकडे असाच संकर अनुकरण ठरतो. शिवाय खंडबांधणीत मुखपृष्ठे फाडून टाकण्याची ग्रंथालयीन सवय पुरावाच नष्ट करते. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे, पण तेथे गौरव होतो तो चित्रपटकाराचा.