लाल डगल्याचे सत्य

नाताळ आता आठ दिवसांवर येऊन ठेपला आहे. पणजी, मडगाव, म्हापसा येथील दुकानांच्या दर्शनी भागात कापसाच्या दाढीचे आणि लाल डगल्याचे म्हातारे उभे राहिले आहेत, आणि बालवाड्यांतून कोणी एक शिक्षक पोटाला उशी बांधून गोळ्या वाटण्याच्या तयारीत आहेत. अशा या दिवसांत गेल्या आठवड्यात फोंडा महालातील एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. वृत्तपत्राच्या कचेरीत माणसे तक्रारी घेऊन येतात, निवेदने घेऊन येतात, क्वचित कविताही घेऊन येतात. या गृहस्थांनी आणलेला प्रश्न मात्र निराळा होता. त्यांची आठ वर्षांची मुलगी तिसरीत शिकते. गेली तीन वर्षे नाताळच्या सकाळी तिच्या उशीखाली एक पुडी सापडते, आणि ती सांताक्लॉजने ठेवली असे तिला सांगण्यात येते. घर हिंदू, पण शेजार ख्रिस्ती, शाळा सर्वांची. शेजारच्या मुलांना मिळते ते आपल्या मुलीलाही मिळावे एवढ्याच हेतूने ही प्रथा घरात शिरली.

गेल्या वर्षीच्या नाताळानंतर त्या मुलीने वडिलांस विचारले, ‘‘बाबा, सांता चांगल्या मुलांकडे येतो ना? मग आपल्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींच्या मुलीकडे तो का नाही आला? ती तर वर्गात कुणाशी भांडतसुद्धा नाही.’’

वडिलांनी तेव्हा काही तरी सांगून वेळ मारून नेली. आता नाताळ पुन्हा जवळ आला आहे. पतीचे म्हणणे, यंदा खरे सांगून टाकावे. पत्नीचे म्हणणे, आणखी एक वर्ष राहू द्यावे, बालपण पुन्हा येत नाही. ‘‘संपादकसाहेब, आपण काय म्हणता?’’ असे त्यांनी विचारले, आणि पुढ्यातला चहा निवेपर्यंत ते उत्तराची वाट पाहत बसून राहिले.

हा प्रश्न संपादकाकडे येण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1897 साली न्यूयॉर्क शहरातील व्हर्जिनिया ओ'हॅन्लन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने ‘द सन’ या दैनिकास पत्र लिहून सांताक्लॉज आहे की नाही याचा खुलासा मागितला होता. तिच्या मैत्रिणी तो नाही म्हणत होत्या. तिच्या वडिलांनी स्वतः उत्तर देण्याचे टाळून, ‘सन’ जे छापेल ते खरे, असे सांगून मुलीला वृत्तपत्राकडे वळवले. त्या वर्षीच्या 21 सप्टेंबरच्या अंकात तिच्या पत्राला अग्रलेखातून उत्तर देण्यात आले. लेखावर नाव नव्हते. फ्रान्सिस फार्सेलस चर्च या संपादकाने तो लिहिला होता, हे 1906 साली त्याच्या मृत्यूनंतर लोकांना कळले. अमेरिकेतील यादवी युद्धात वार्ताहर म्हणून वावरलेल्या आणि स्वतःस मूलबाळ नसलेल्या या माणसाने सांताक्लॉज आहे, असे ठासून सांगितले. जगात प्रेम, औदार्य आणि श्रद्धा जशी आहेत तसा तोही आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. इंग्रजी वृत्तपत्रांच्या इतिहासात या अग्रलेखाइतके पुनर्मुद्रण दुसऱ्या कोणत्याही अग्रलेखाला लाभले नसावे. व्हर्जिनिया पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली आणि 1971 साली वारली. त्या पत्राची ओळख तिला जन्मभर चिकटून राहिली.

चर्च यांच्या लेखणीचे सामर्थ्य आम्ही मान्य करतो. आमच्या व्यवसायातील माणसाने ते मान्य न करणे हा मत्सरच ठरेल. तथापि तो लेख जेव्हा जेव्हा वाचावा तेव्हा एक गोष्ट मनात खटकतेच. मुलीने वस्तुस्थिती विचारली होती. संपादकाने तिला रूपक दिले, आणि ते रूपक आहे हे मात्र सांगितले नाही. रूपक समजण्याइतकी ती मोठी असती तर तिने पत्र लिहिलेच नसते. शिवाय वडिलांनी वृत्तपत्राच्या शब्दाची हमी दिली होती. अशा हमीनंतर शब्द फिरवणे आम्हांस जड गेले असते.

आता हा म्हातारा कोण, कोठला, हे पाहू. इसवी सनाच्या चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा गावी निकोलस नावाचे धर्माध्यक्ष होऊन गेले. त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांत सर्वांत प्रसिद्ध आहे ती एका दरिद्री बापाच्या तीन मुलींची. हुंड्यासाठी पैसा नाही म्हणून त्या मुलींच्या आयुष्याचा सत्यानाश होणार होता. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात, कोणास न कळता, त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. (हुंड्याची पीडा केवळ आपल्याच देशाची असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.) 1087 साली त्यांच्या अस्थी इटलीतील बारी येथे नेण्यात आल्या. हॉलंडमध्ये त्यांचे ‘सिंटरक्लास’ झाले, अमेरिकेत त्याचे सांताक्लॉज झाले. 1823 साली ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात निनावी प्रसिद्ध झालेल्या कवितेने त्यांच्या गाडीस आठ सांबरे जोडली, थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने 1863 पासून त्यांस गुबगुबीत देह दिला, आणि 1931 पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी ते चित्र जगभर नेले. लाल डगला या पेयाच्या कंपनीने शोधून काढला असे पुष्कळ जण सांगतात, ते मात्र खरे नाही. तो त्याआधीच त्यांच्या अंगावर चढला होता.

या प्रवासात अधिक मोठा बदल झाला तो डगल्याचा नव्हे. मूळचे निकोलस गरिबाच्या घरी जात असत, कारण तेथे गरज होती. आजचा सांताक्लॉज आईबापांची ऐपत पाहून जातो, आणि चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून आलो असे सांगतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुलाच्या मनात कोणता हिशेब मांडला जाईल? ज्याला सायकल मिळाली तो चांगला. ज्याला पेन्सिलींची डबी मिळाली तो बेताचा. ज्याला काहीच मिळाले नाही तो वाईट. भांडी घासणाऱ्या बाईंच्या त्या मुलीने हा हिशेब मनोमन मांडला असेल की नाही, हे विचारण्यास तिच्याकडे कोणीही गेलेले नाही. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांच्या मुलीने मात्र तो तिच्या वतीने मांडला. तिने ‘सांता आहे का’ असे विचारलेच नव्हते. तो अन्याय का करतो, असे तिने विचारले होते. या प्रश्नास ‘तो पुढच्या वर्षी येईल’ हे उत्तर देणे म्हणजे आपल्या मुलीच्या न्यायबुद्धीचीच वंचना होय.

केव्हा सांगावे, याचे उत्तर वर्षांत देता येत नाही. 1994 साली अँडरसन आणि प्रेंटिस या दोघा अभ्यासकांनी ज्यांचा विश्वास संपला होता अशा 52 मुलांच्या मुलाखतींवरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक मुलांनी सातव्या वर्षाच्या सुमारास सत्य स्वतःच हुडकून काढले होते, आणि त्यांची प्रतिक्रिया मुख्यतः आनंदाची होती. दुःख झाले होते ते आईबापांना! ‘आणखी एक वर्ष’ हे मागणे कोणाचे असते, याचा उलगडा यावरून होण्यासारखा आहे. मुले आपल्या गतीने सत्याकडे चालत असतात. त्यांना हाताला धरून ओढण्याचे कारण नाही, आणि वाटेत आडवे पडण्याचेही कारण नाही. मूल अर्धवट विचारील तर ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. त्याला खेळच हवा असेल तर ते पुन्हा खेळात शिरेल. मात्र ते डोळ्याला डोळा भिडवून विचारू लागले की मग खोटे बोलू नये, आणि ते खोटे टिकवण्यासाठी अंगणात सांबराच्या पायांचे ठसे उमटवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

परक्याने मध्ये पडून सांगणे हेही तितकेच अनुचित. 2021 सालच्या डिसेंबरात सिसिली बेटावरील नोतो येथील बिशप अंतोनियो स्ताल्यानो यांनी जमलेल्या मुलांना सांताक्लॉज नाही असे सांगून टाकले. पालकांत एवढा संताप उसळला की त्यांच्या धर्मप्रांतास दिलगिरी व्यक्त करावी लागली. बिशपमहाशयांचा रोख बाजारूपणावर होता आणि तो रास्तही होता, पण दुसऱ्याच्या मुलास त्याच्या घरातील गोष्ट चारचौघांत सांगण्याचा अधिकार त्यांस कोणी दिला नव्हता. आपल्या शाळांतील काही शिक्षकांनाही विज्ञाननिष्ठेचा असा झटका अधूनमधून येतो. त्यांनी तो वर्गाबाहेर ठेवावा.

यापेक्षा नाजूक शंका आमच्या गृहस्थांनी निघता निघता काढली. ‘‘सांता खोटा म्हणून सांगितले, आणि उद्या तिने गणपतीचे विचारले तर?’’

ही भीती बऱ्याच घरांत असते, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु आपल्या घरांत चवथीचा गणपती कसा येतो ते आठवावे. मूल महिनाभर आधीपासून चित्रशाळेच्या दारात घुटमळत असते. मातीचा गोळा, न रंगवलेली सोंड, डोळे लिहिणारा कारागीर, सारे ते पाहते. मूर्ती वाहून आणताना पुढे झांज वाजवत तेच चालते, आणि विसर्जनाला पाण्यात माती विरघळतानाही तेथेच उभे असते. या सबंध व्यवहारात माती कोणी लपवून ठेवलेली नाही. प्राणप्रतिष्ठा होते ती सर्वांच्या देखत. श्रद्धा ठेवायची की नाही हे ते मूल मोठेपणी ठरवील, पण आईबापांनी आपणास फसवले असे ते म्हणणार नाही. नरकासुराचेही तेच. बांबू, गवत, रद्दी कागद आणि फटाके हे सगळे पोरांनी स्वतःच्या हातांनी भरलेले असते. तरीही दिवाळीच्या पहाटे तो पेटला की त्यांच्या अंगावर काटा उभा राहायचा तो राहतोच. नववर्षाच्या आदल्या रात्री जुना म्हातारा जाळण्यासाठी वर्गणी मागत फिरणाऱ्या मुलांनाही त्या म्हाताऱ्याच्या पोटात पेंढा आहे हे ठाऊक असते. अद्भुताचा आनंद घेण्यासाठी आमच्या मुलांना फसवावे लागत नाही, हा इतका जुना अनुभव गाठीशी असताना सांताक्लॉजच्याच बाबतीत आपण एवढे घाबरून का जावे? गोव्यातील ख्रिस्ती घरांतला नाताळ तरी कोठे त्याच्यावाचून अडून होता? तो गोठ्यातील बाळ येशूचा, मध्यरात्रीच्या प्रार्थनेचा, दोदोल आणि बिबिंकेचा सण. त्या घरांतून आपल्याकडे आजही ताट येते, चवथीला आपल्याकडच्या नेवऱ्या तिकडे जातात, आणि ते ताट कोणी पाठवले हे सर्वांना ठाऊक असते.

तेव्हा त्या मुलीस नाताळच्या आधी, घरात दुसरे कोणी नसताना, हळू आवाजात सांगावे. पुडी आम्ही ठेवत होतो. तुला गंमत वाटावी म्हणून ठेवत होतो. तुझ्या मैत्रिणीकडे ती आली नाही याचे कारण तिची वागणूक नव्हे, तिच्या आईला त्या महिन्यात जमले नसेल. हे शेवटचे वाक्य उच्चारणे बापाला सर्वांत अवघड जाईल, कारण त्यापाठोपाठ ‘मग आपण तिच्या आईला किती पगार देतो?’ असा प्रश्न येण्याचा संभव आहे. तोही आला तर खरे सांगावे. धाकटी भावंडे अजून खेळात असतील तर त्यांचा खेळ मोडू नकोस, एवढेही तिला बजावावे. मुलांना गुपित सांभाळण्याचा अभिमान असतो.

गृहस्थ उठले तेव्हा हे सांगणार कोण याचा निर्णय मात्र व्हावयाचा होता. पत्नीने सांगावे असे त्यांच्या मनात दिसले. मुली आईच्या अधिक जवळ असतात, असे ते म्हणाले. आम्ही त्यांस विचारले, पुडी उशीखाली कोण ठेवत असे? ‘‘मीच,’’ ते म्हणाले. मग आपणच सांगा, असे आम्ही त्यांस सुचवले.