फळ्यासमोरची शांतता
जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्यापेक्षा ती शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. इमारत उभी राहिलीच. १८८६मध्ये ती ‘रे मार्केट’ म्हणून खुली झाली आणि आज तिला फुल्यांचेच नाव आहे. याच मंडईच्या आसपासच्या पेठांत आता स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि अभ्यासिका दाटल्या आहेत. गावाकडून आलेली मुले तास मोबाइलवर रेकॉर्ड करतात, आणि त्याचे आपोआप संपादन करून देणारी अ‍ॅपही मिळतात. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तेवढा भाग कापायचा, रस्त्यावरचा गोंगाट दाबायचा, बोलणे अक्षरांत खाली उमटवायचे, एवढे त्यांचे काम. चुकलेला तास रात्री खोलीवर बसून पाहणाऱ्या मुलाला हा फार मोठा आधार आहे. पण गणिताचे सर फळ्यावर पायरी लिहिताना गप्प असतात. प्रश्न टाकून मुलांकडे बघत थांबतात. विद्यार्थ्याचा विचार तिथेच सुरू होतो, आणि अ‍ॅपच्या हिशेबी नेमकी तीच जागा रिकामी. मागच्या बाकावरून हळूच विचारलेली शंका तर सगळ्यात आधी जाते (आणि तीच शंका बऱ्याच जणांची असते). आवाजाबरोबर फळ्यावरची हालचालही तपासणारे, मराठी-इंग्रजी मिसळलेले बोलणे नीट उतरवणारे अ‍ॅप आपल्या वर्गांना हवे. तोवर शिक्षकांची परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा, कापलेली प्रत पाठवण्याआधी त्यांना दाखवा, आणि मूळ रेकॉर्डिंग पुसू नका.