अर्ध्या सेकंदात स्वातंत्र्य हरवत नाही

‘सारे काही मेंदूच ठरवतो, आपण नुसते साक्षीदार. मग पाप कसले आणि पापनिवेदन कशाला?’ असा प्रश्न आमच्या धर्मग्रामांतील महाविद्यालयीन मुलेमुली विचारू लागली आहेत. प्रश्नाला आमचा आक्षेप नाही. विज्ञानाच्या नावाने जे तयार उत्तर त्यांच्या हाती ठेवले जाते, त्याला आहे.

या उत्तराचा मोठा आधार म्हणजे अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि तशी इच्छा झाल्याचा क्षण घड्याळावर पाहून सांगा, एवढेच प्रयोगातील व्यक्तींना करावयाचे होते. मेंदूतील विद्युत्-हालचाल मनगट हलण्यापूर्वी सुमारे ५५० मिलिसेकंद सुरू होई. इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी होई. एवढ्यावरून घोषणा झाली, की इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे!

ही घोषणा आम्हांस मान्य नाही. खुद्द लिबेट यांनाही ती मान्य नव्हती. जाणीव झाल्यानंतर उरलेल्या वेळात ती कृती रोखण्याची शक्ती माणसाजवळ असते, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली आरोन शर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की ती हालचाल म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून मेंदूत सतत चालणाऱ्या चढउतारांचा परिणामही असू शकते. शिवाय मनगट आता हलवावे की क्षणभराने, याला कोणतेच कारण लागत नाही. वैऱ्याला क्षमा करावी की नाही, लाच घ्यावी की नाकारावी, हे निर्णय माणूस रात्र रात्र जागून घेतो. ते मनगटाच्या झटक्यावरून कसे मोजणार?

जिवंतपणी मेंदूवाचून आत्मा विचार करतो, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. आत्मा हा गाडीवर बसलेला गाडीवान नव्हे. तो शरीराचे ‘रूप’ आहे, हा संत थॉमस अक्विनास यांचा विचार व्हिएन्नच्या धर्मपरिषदेने १३१२ साली आपल्या शिकवणुकीत मांडला. तेव्हा इच्छेबरोबर मेंदूही हलतो, या शोधाने आम्ही का गडबडावे?

मात्र आमच्याच माणसांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. नैराश्याने खचलेल्या सुनेला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ म्हणणारे घरोघरी आहेत. भीती, सवय आणि मानसिक कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, किंबहुना नाहीशीही होऊ शकते, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. अशा रुग्णाला प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हे श्रद्धेचेच कृत्य होय.

परंतु कमी झालेले स्वातंत्र्य वेगळे आणि मुळात नसलेले स्वातंत्र्य वेगळे. दारूच्या आहारी गेलेल्या बापाला ‘तुझा काहीच दोष नाही, तुझा मेंदूच तसा’ असे सांगणे वरवर दयाळूपणाचे वाटते. पण काल ज्याला दुसरे काहीच करता येणे शक्य नव्हते, त्याला उद्या तरी कसे शक्य होणार? दोषाबरोबर त्याची आशाही आपण हिरावून घेतो. ‘मी चुकलो’ असे जो म्हणू शकतो, तोच ‘मी उठेन’ असेही म्हणू शकतो. उधळ्या पुत्राला घराची वाट याच बळावर सापडली. ती वाट आमच्या मुलांसाठी कोणी अर्ध्या सेकंदाच्या हिशेबाने बंद करू पाहील, तर आम्ही गप्प बसणार नाही.