एका काडतुसाचें दुसरें काडतूस

काडतूस एकदां उडालें कीं संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः संपतात त्या टोपी, दारू आणि गोळी. मागें राहिलेली पितळेची पुंगळी पुन्हां भरतां येते. इतकेंच नव्हे, तर तिला दुसऱ्या बंदुकीच्या मापाची घडवितांही येते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें बनवितां येत नाहींत. अमेरिकेंत मात्र हौशी गृहस्थ हें काम घरींच करितात.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें तेव्हां तेथील अनेक सैनिकांनीं जर्मन माउझर बंदुका घरीं नेल्या. त्यांचीं ८ मिलिमीटरचीं काडतुसें दुर्मिळ, पण १९०६ पासूनचें अमेरिकन सैन्याचें ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतूस मुबलक. दोहोंच्या बुडाचा व्यास जवळजवळ एकच, सुमारें १२ मिलिमीटर. लांबी मात्र एकाच्या पुंगळीची ६३, दुसऱ्याच्या पुंगळीची ५७. तेव्हां अमेरिकन पुंगळी पोलादी साच्यांत दाबून तिचा खांदा खालीं सरकवावयाचा, जास्तीची लांबी कापावयाची, आणि मान ८.२ मिलिमीटरच्या गोळीपुरती रुंद करावयाची.

हें ऐकावयास सोपें आहे. परंतु नवी मान ज्या भागाची होते, तो पूर्वी पुंगळीच्या अंगाचा होता, व तेथील पितळ जाड असतें. तें तासलें नाहीं तर मान बंदुकीच्या पोकळींत आवळली जाते, गोळीस सुटावयास वाव राहत नाहीं, आणि आंतील दाब भयंकर वाढतो. मग डोळे शाबूत राहण्याची शाश्वती कोणी द्यावी?

दुसरी गोष्ट पितळेच्या स्वभावाची. काडतुसाच्या पितळेंत ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. थंडपणीं ठोकलें किंवा दाबलें कीं तें कठीण होत जातें व शेवटीं तडकतें. आपला तांबट ठोकतां ठोकतां मध्येंच भांडें तापवितो तें याचसाठीं. येथें मात्र केवळ मान व खांदाच तापवावयाचा; बूड मऊ झालें तर तें स्फोटाचा दाब सोसणार नाहीं. म्हणून जुन्या पद्धतींत पुंगळ्या निम्म्या पाण्यांत उभ्या करीत. लाल पोलाद पाण्यांत बुडवितांच कठीण होतें, तसें पितळेचें होत नाहीं. पाणी येथें केवळ बुडाच्या रक्षणासाठीं.

हा आंतला ताण किती दीर्घद्वेषी असतो, तें हिंदुस्थानांतच दिसून आलें. ब्रिटिश फौज पावसाळ्यांत काडतुसें तबेल्यांत ठेवी. पाऊस सरल्यावर पाहावें तों पुष्कळ पुंगळ्या, विशेषतः गोळी आवळलेल्या जागीं, चिरलेल्या! घोड्यांच्या मूत्रांतील अमोनिया आणि पितळेंत दडलेला ताण यांच्या संयोगाचें हें फळ, हें कोडें १९२१ सालीं उलगडलें.

आम्हांस सर्वांत घातक वाटते ती एक क्षुल्लक दिसणारी बाब. वैयाकरणांच्या धातूस नवा प्रत्यय लागला कीं नवा शब्द होतो व तो ऐकूं येतो. येथें धातूचें रूप बदललें तरी बुडावर ठोकलेलें जुनें नांव तसेंच राहतें. तें वाचून कोणी हें ८ मिलिमीटरचें काडतूस अमेरिकन बंदुकींत घातलें, तर तें आंत बसतेंही. पण त्या नळीस ७.८ मिलिमीटरची गोळी हवी. चाप ओढतांच बंदूक फुटूं शकते. यासाठीं जाणते लोक अशीं काडतुसें निराळ्या डब्यांत, ठळक चिठ्ठी लावून, कुलपांत ठेवितात. कारण डबा उघडणारा हात प्रत्येक वेळीं भरणाऱ्याचाच असतो असें नाहीं.