कॅन्सर बरा झाला, दात गेले, खर्च कोणाचा?

असोद्यातील एका काकांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्यांचे रेडिएशन मोफत झाले, गाठ गेली. पण वर्षभराने दात काळे पडून मुळाशी तुटू लागले. आता कळण्याची भाकर आमटीत कुस्करून खावी लागते. दातांच्या उपचारासाठी विचारले तर उत्तर मिळाले, "दात योजनेत बसत नाहीत."

उत्तर नियमाला धरून आहे. चूक नियमातच आहे.

रेडिएशनमुळे लाळग्रंथींना इजा होते. लाळ कमी झाली की तोंड कोरडे पडते आणि दात झपाट्याने किडतात. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही घटतो. अशा वेळी दात काढला तर जखम भरत नाही, हाड मरू शकते. म्हणून रेडिएशनच्या आधीच दात तपासून, खराब दात काढून, जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. म्हणजे हा दंतोपचार कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे.

योजनेचा कागद मात्र वेगळे सांगतो. आयुष्मान भारतच्या अटींत दात भरणे, रूट कॅनॉल, हिरड्यांचे आजार, इम्प्लांट हे सगळे वगळलेले आहे. ओपीडीचा खर्च नाही. डिस्चार्जनंतरचा खर्च 15 दिवसांपुरता. रेडिएशनचे परिणाम तर कित्येक महिन्यांनी दिसतात. उलट जबड्याचे मेलेले हाड काढण्याची शस्त्रक्रिया पॅकेजच्या यादीत आहे. हाड मरेपर्यंत थांबा, मग पैसे देऊ, असाच याचा अर्थ होतो. राज्याने योजनेचे कवच दीड लाखावरून 5 लाखांवर नेले, पण रक्कम वाढवून ही फट बुजत नाही.

खासगी विम्यात थोडी वाट आहे. 2020 पासून सुरू झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत आजारामुळे किंवा इजेमुळे करावा लागणारा दंतोपचार धरलेला आहे; अट भरती किंवा डे-केअरची. त्यामुळे दात कशामुळे गेले, हे कागदावर येणे महत्त्वाचे.

अमेरिकेतील सरकारी मेडिकेअर विमाही एरवी दात वगळतो. पण डोके-मानेच्या कॅन्सरच्या उपचाराशी जोडलेला दंतोपचार, त्यात रेडिएशननंतरची गुंतागुंतही, त्यांनी 2024 पासून मान्य केला. आपल्याकडेही एवढीच दुरुस्ती हवी आहे.

कार्यकर्त्यांनी तीन कामे करावीत. रुग्णाचे रेडिएशन ठरताच आधी दंततपासणीची मागणी करावी. नंतर दात किडले तर 'रेडिएशनमुळे झालेली हानी' असे कॅन्सरच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. योजनेत नकार मिळाला तर आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्यावी. खासगी कंपनीने नाकारले तर आधी कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. या नकारांच्या प्रती जमवल्या तर रेडिएशनच्या पॅकेजमध्ये दंतोपचार घ्या, ही मागणी पुराव्यानिशी मांडता येईल.

"तंबाखू खाल्ली, आता भोगा," असे आपल्याच वस्तीत ऐकू येते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे दिले गेले. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारी माणसाचा उपचार ही दया नव्हे, हक्क आहे, हा त्यामागचा विचार. बरा झालेला माणूस भाकर चावू शकत नसेल तर त्याचा उपचार अजून पुरा झालेला नाही.