दगडांना वाचा कोण देणार?

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील नशिराबाद बहुतेक प्रवाशांना वाटेवरचा एक फलक म्हणूनच ठाऊक असते. वस्तुतः हे गाव जुने आहे. येथील काचेच्या बांगड्यांच्या धंद्याची, तसेच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गाव लुटले गेल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी केली आहे. झिपरू अण्णा महाराजांच्या समाधीच्या दर्शनास भाविक येथे येतात. परंतु बांगड्यांच्या भट्ट्या कोठे पेटत, माल कोणत्या बाजारी जाई, लुटीच्या दिवसांत माणसांनी कोठे आसरा घेतला, हे गावातील शाळकरी मुलास विचारले, तर उत्तर मिळण्याची शक्यता थोडीच. त्याच मुलाच्या घरात आज असा फोन आहे, की जो भग्न भिंतीसमोर धरला असता पडद्यावर तीच भिंत अभंग उभी करून दाखवू शकेल.

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’, मराठीत म्हणावयाचे तर ‘संवर्धित वास्तव’, हे तंत्र तत्त्वतः सोपे आहे. फोनचा कॅमेरा समोरच्या वस्तूचे रूप किंवा उभे राहण्याची जागा ओळखतो आणि त्या दृश्यातच चित्र, आवाज वा मजकूर मिसळून देतो. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ या खेळाने हे तंत्र जगभर पोहोचविले. त्याच वर्षी आपल्या आवारात हा खेळ खेळू नका, असे आउशवित्झच्या स्मारकास सांगावे लागले. ऐतिहासिक स्थळी या तंत्राने गोष्ट सांगावी व ती तेथील तरुणांनीच रचावी, हा विचार आता ठिकठिकाणी मूळ धरीत आहे. खानदेशाने तो अवश्य स्वीकारावा. मात्र त्यातील महत्त्वाचा शब्द ‘फोन’ नसून ‘तरुणांनीच’ हा आहे, याचे भान सुटता कामा नये.

या प्रदेशाचा शेजारी असलेल्या अजिंठ्याचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला व दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून गेला. ज्या गुराखी पोराने त्यास वाट दाखविली असे सांगतात, त्याचे नाव कोठेही नाही. पुढे रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील तरुण विद्यार्थ्यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्या अनेक नकलाही १८८५ मध्ये लंडनमध्येच अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तथापि त्या परिश्रमातून पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार घडले, ही जमेची बाजू कोणत्याही आगीला पुसता आली नाही. नक्कल जळाली, तरी ती करताना जे शिकले गेले ते उरले.

नव्या तंत्राच्या बाबतीतही हाच हिशेब लागू आहे. एखाद्या कंपनीस कंत्राट देऊन तयार चित्रफीत विकत घेतली, तर गावातील पोर पुन्हा वाटाड्याच राहील. उलट त्याने आजीस प्रश्न विचारले, जुनी दप्तरे पाहिली, भिंतींची मापे घेतली व मग चार वाक्ये लिहिली, तर ती वाक्ये त्याची होतील. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या १९५२ साली पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या, त्या घरातील तरुणांनी त्या वेळेवर टिपून ठेवल्या म्हणून. टिपणारे कोणी नसते, तर जळगावलगतच्या असोद्याच्या या कन्येचे नाव आज कोणास माहीत असते?

अर्थात या तंत्रात धोकेही आहेत. पडद्यावर हुबेहूब दिसणारे दृश्य पाहणाऱ्यास खरेच वाटते. एरंडोलच्या पांडववाड्याचा वाद २०२३ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा ठिकाणी ‘पूर्वी येथे असे होते’ म्हणून रंगविलेले एक चित्र किती अनर्थ घडवील, हे निराळे सांगावयास नको. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या दगडांना अभय दिले. त्यांच्याविषयीच्या गोष्टींना तसे अभय नाही. अजिंठा गावातील पारोच्या कबरीवर तिचे नाव, गिलच्या प्रेमाची साक्ष देणारे दोन शब्द व १८५६ मधील मृत्यूची तारीख आहे. तिच्याविषयी लोक जे सांगतात ते त्याहून पुष्कळच अधिक आहे. त्या कथेस जागा असावी. परंतु कबरीवर कोरलेले कोणते आणि लोकांनी रचलेले कोणते, हे पाहणाऱ्यास कळलेच पाहिजे.

म्हणून काही पथ्ये आरंभापासूनच पाळावी लागतील. प्रत्येक दृश्यावर पुरावा, दंतकथा व कल्पना यांच्या ठळक खुणा असाव्यात. गावातील सर्व आळ्यांतील व सर्व जातिधर्मांची मुले, आणि त्यांत मुलीही, रचणाऱ्यांत असाव्यात. आवाज लेवा बोलीचा वा अहिराणीचा असावा. दूरदर्शनी मराठीत घोटून काढलेला नसावा. गोळा केलेला मजकूर कागदावरही जतन व्हावा, कारण क्रिस्टल पॅलेसला आग लागली तसे सर्व्हरही एक दिवस बंद पडतात. इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करीत. त्यांच्या नावे १९२७ साली धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाची परंपरा आणि जळगावचे विद्यापीठ यांचा आधार या कामी शाळांना मिळू शकेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडद्यावर बुरूज उभा राहिला म्हणून प्रत्यक्षातल्या बुरुजाच्या डागडुजीस फाटा देता येणार नाही.

यास फार मोठा खर्च लागेल असेही नाही. एक उन्हाळी सुटी, एक उत्साही शिक्षक, दहा-बारा मुले व घरोघरी आहेत तेच फोन एवढ्यावर नशिराबादसारख्या एका गावी आरंभ करून पाहता येईल. ज्या पिढीस जुन्या गोष्टी ठाऊक आहेत, ती फार काळ थांबणार नाही. तिला विचारण्याचे काम मुलांवर सोपवावे. तंत्र त्यांना शिकविण्याची गरज थोडीच भासेल.