बाबा चिप तापवतात

‘घरचे काय काम करतात’ यावर चौथीच्या मुलांना पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीने वाचलं, “माझे बाबा चाकणला कंपनीत चिप तापवतात.” “बटाट्याचे?” मागून आवाज आला आणि वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. ती खाली बसली आणि उरलेल्या ओळी वाचल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला आलेल्या बाबांना विचारलं. चिप एफपीजीए जातीची, म्हणजे आतली जोडणी नंतरही बदलता येते अशी. पहिली 1985 साली झायलिंक्स कंपनीने बाजारात आणली. आपल्या नाशिक रस्त्यावरच, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 अँटेनांचे संकेत हाताळायलाही अशा चिप वापरतात. आत 0 चा 1 आणि 1 चा 0 होताना दर वेळी थोडी वीज खर्च होते, तिची उष्णता होते. खरं काम भरण्याआधी पंखा आणि हीटसिंक पुरे पडतात का, हे कसं कळणार? म्हणून चिपमध्ये नुसती उलटापालट करत राहणारी जोडणी भरायची आणि मुद्दाम तापवायची. तपासून झालं की तीच चिप पुसून खऱ्या कामाला!

ही उलटापालट मी मैदानावर करून घेतली. पाच मुलं गोलात. नियम एकच: शेजारचा उभा असेल तर तू बस, बसला असेल तर उभा राहा. एकापाठोपाठ एक. पाच जणांत हे थांबतच नाही, मुलं घामाघूम! सहावा घेतला की एक उभा, एक बसलेला, सगळं गप्प. चिपमध्येही म्हणून विषम संख्येचंच कडं लागतं. (तापल्यावर कड्याचा वेग मंदावतो, त्यावरून तापमानही मोजतात. आमची मुलंही मंदावली होती.)

आपण उष्णता शिकवतो ती सूर्य, चूल आणि तळहात घासण्याची. मुलांच्या हातातला मोबाइल तापतो त्याबद्दल चकार शब्द नाही. माझं स्पष्ट मत आहे, आकडेमोडीनेही उष्णता होते हे चौथीतच सांगावं, आणि ते सांगायला निगडीत पुस्तकाची वाट बघावी लागत नाही. अर्ध्या वर्गाचे पालक भोसरी-चाकणला जातात.

त्या मुलीने परवा उरलेल्या ओळी वाचल्या. पुढच्या शनिवारी तिचे बाबा वर्गात येणार आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे बिघडलेल्या कॉम्प्युटरचा हीटसिंक पडून असेल तर शाळेत पाठवा, मुलांना हातात घेऊन बघायचाय.